एअरब्रशचा लहान गॅस सिलिंडर कोठे भरून घ्यावा? पुणे-मुंबईतील सेवांचे परीक्षण

प्रतिकृती, लघुमूर्ती किंवा घरच्या गणेशमूर्ती एअरब्रशने, म्हणजे वायूच्या दाबाने रंग फवारणाऱ्या छोट्या उपकरणाने, रंगवणाऱ्या हौशी कलाकाराला दाब मिळवण्याचे दोन मार्ग असतात : विजेवर चालणारा कॉम्प्रेसर आणि कार्बन डायऑक्साइडचा लहान सिलिंडर. सदनिकेत राहणाऱ्या आणि दिवसभराची कामे आटोपून रात्री रंगकामाला बसणाऱ्या माणसासाठी मी सिलिंडरच सुचवतो, कारण त्याचा आवाज होत नाही आणि त्यातून येणारा वायू कोरडा असतो. मुंबईत आणि कोकणात पावसाळ्यात कॉम्प्रेसरच्या नळीत पाणी साचते, ते थेंबाथेंबाने रंगासोबत बाहेर पडते आणि तयार होत आलेल्या पृष्ठभागावर डाग पडतात. नळीतले पाणी वेगळे काढणारा चांगला जलविलगक बसवला तरी जुलै महिन्यात तो अपुरा पडतो. सिलिंडर वापरला तर हा प्रश्न उरत नाही. अडचण येते ती सिलिंडर रिकामा झाल्यावर. दोन किलोचा सिलिंडर नेमका कोठे आणि किती खर्चात भरून मिळेल, याची विश्वासार्ह माहिती रंगसाहित्याच्या दुकानात सहसा मिळत नाही. म्हणून पुणे आणि मुंबई येथे मी वापरलेल्या भराव-सेवांचे हे परीक्षण लिहीत आहे. दुकानांची नावे दिलेली नाहीत, कारण या सेवेचा दर्जा पाटीवरील नावापेक्षा भरणाऱ्याच्या पद्धतीवर ठरतो आणि ती पद्धत ग्राहकाला स्वतः पाहून तपासता येते.

सेवांकडे वळण्यापूर्वी एक गोष्ट स्पष्ट असायला हवी, कारण पुढचे सगळे मत तिच्यावर उभे आहे. सिलिंडरमधला कार्बन डायऑक्साइड मुख्यतः द्रवरूपात असतो आणि त्या द्रवावर त्याचीच वाफ असते. २० अंश सेल्सिअसला या वाफेचा दाब सुमारे ५७ बार असतो आणि शेवटचा द्रव संपेपर्यंत तो तसाच राहतो. त्यामुळे सिलिंडर पूर्ण भरलेला असो की पाव भरलेला, रेग्युलेटरवरचा, म्हणजे दाब कामापुरता कमी करणाऱ्या उपकरणावरचा, उच्च दाबाचा काटा एकच आकडा दाखवतो. दुकानदाराने काटा दाखवून ‘फुल आहे साहेब’ म्हटले, तर त्यातून काहीही सिद्ध होत नाही. कार्बन डायऑक्साइड वजनावर भरला जातो, म्हणून तो वजनावरच विकत घ्यायला हवा. सिलिंडरच्या खांद्यावर त्याचे रिकामे वजन कोरलेले असते. ते ५.८ किलो असेल आणि दोन किलो वायूचे पैसे घेतले असतील, तर रेग्युलेटर काढून ठेवल्यावर वजनकाट्यावर ७.८ किलो दिसले पाहिजे. माझ्या मते स्वस्त सेवा कोणती आणि महाग कोणती, हे पावतीवरील रकमेवरून ठरवणे चुकीचे आहे. ती रक्कम प्रत्यक्ष मिळालेल्या किलोंनी भागल्यावर जो आकडा येतो, तोच खरा दर.

एक किलो कार्बन डायऑक्साइडपासून सामान्य तापमानाला साधारण ५४० लिटर वायू मिळतो. लहान एअरब्रश एक ते दोन बार दाबावर चालतो आणि कळ दाबलेली असताना मिनिटाला दहा-पंधरा लिटर वायू घेतो, म्हणजे दोन किलोत सव्वा ते पावणेदोन तास सलग फवारणी होते. हा वेळ ऐकायला कमी वाटतो, पण रंगकामाच्या बैठकीत कळ प्रत्यक्ष दाबलेली असण्याचा काळ फार थोडा असतो. बाकीचा वेळ रंग कालवण्यात, झाकणपट्ट्या चिकटवण्यात आणि वाट पाहण्यात जातो. नायट्रोजन किंवा दाबित हवा भरून घेण्याचा सल्ला कोणी देतात, परंतु हे वायू सिलिंडरमध्ये द्रवरूप होत नाहीत. दहा लिटरच्या सिलिंडरमध्ये १५० बार दाबाची हवा भरली तर सुमारे १५०० लिटर हवा मिळते, आणि तेवढ्याच आकाराच्या कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरमधून ३५०० लिटरांहून अधिक वायू मिळतो. जागा कमी असलेल्या घरात हा फरक निर्णायक ठरतो.

आता सेवांविषयी. सर्वांत सहज मिळणारा पर्याय म्हणजे एकदाच वापरायची छोटी काडतुसे, आणि मी तो नियमित कामासाठी ताबडतोब बाद करतो. १६ ग्रॅमच्या काडतुसांतून एक किलो वायू हवा असेल तर ६२-६३ काडतुसे लागतात. एका काडतुसाच्या किमतीला ६२ने गुणले की पुढे काही लिहिण्याची गरज उरत नाही. शिवाय ती पुन्हा भरता येत नाहीत आणि लोखंडाचा कचरा मागे राहतो. प्रदर्शनात किंवा मित्राच्या घरी एखादी छोटी दुरुस्ती करायची असेल, तर त्यांचा उपयोग आहे.

घरगुती सोडा यंत्राचे सिलिंडर अदलाबदलीने मिळतात. त्यांतील वायू खाद्य दर्जाचा आणि स्वच्छ असतो, वजनही बहुधा चोख असते. पण त्याच शुद्धतेचे पैसे आपण रंग फवारण्यासाठी मोजत असतो. त्यांच्या वॉल्व्हची आटेही बहुधा वेगळी, टीआर २१-४ या प्रकारची असतात, तर मत्स्यालयासाठी आणि एअरब्रशसाठी मिळणारे अनेक रेग्युलेटर डब्ल्यू २१.८ या आट्यांचे असतात. मध्ये जोडणी बसवावी लागते आणि प्रत्येक वाढीव जोडणी ही गळतीची आणखी एक जागा असते. ज्यांच्या घरी असे यंत्र आधीपासून आहे, त्यांनीच या मार्गाचा विचार करावा.

वनस्पतींच्या मत्स्यालयांसाठी कार्बन डायऑक्साइड पुरवणारी दुकाने हा हौशी माणसाच्या मनाला सर्वांत जवळचा पर्याय आहे, कारण तेथे लहान सिलिंडर घेऊन येणाऱ्या ग्राहकाकडे कोणी आश्चर्याने पाहत नाही. मुंबईत क्रॉफर्ड मार्केटच्या परिसरात आणि पुण्यात बहुतेक उपनगरांत अशी दुकाने आहेत. दुकानदारांना रेग्युलेटर, नीडल वॉल्व्ह, वॉशर यांची उत्तम जाण असते आणि ते वेळ देऊन समजावून सांगतात; नवशिक्या माणसाने पहिला सिलिंडर अशा दुकानातूनच घ्यावा, असे मी मनापासून सांगेन. मात्र यांतील बहुतेक दुकानदार स्वतः वायू भरत नाहीत. ते आठवडाभर सिलिंडर साठवतात, एकदम औद्योगिक विक्रेत्याकडे पाठवतात आणि आपले शुल्क मिळवून परत देतात. माझ्या अनुभवात हा दर औद्योगिक विक्रेत्याच्या दराच्या जवळपास दुप्पट पडला. मत्स्यालयात मिनिटाला मोजके बुडबुडे सोडणाऱ्या माणसाला दोन किलो वायू महिनोन्‌महिने पुरतो, त्यामुळे त्याला हा फरक जाणवत नाही. दर महिन्याला सिलिंडर रिकामा करणाऱ्या रंगकाम करणाऱ्याला तो निश्चित जाणवतो. भरून आलेला सिलिंडर वजन करून घ्यायचा आग्रह येथे सर्वाधिक धरावा लागतो, कारण तो दोन हातांतून आलेला असतो. एका दुकानातून आलेल्या माझ्या सिलिंडरमध्ये दोन किलोंऐवजी सव्वा किलोच वायू निघाला. दुकानदाराने तक्रार ऐकून घेतली आणि पुढच्या वेळी फरक भरून दिला, हे नमूद करणे योग्य ठरेल.

सिलिंडर कमी भरला जाण्यामागे प्रत्येक वेळी लबाडी नसते, आणि ते कारण समजले तर ग्राहकाला वेळही नीट निवडता येते. ज्याच्याकडे द्रव ढकलणारा पंप आहे, तो हवे तेवढे वजन बिनचूक भरू शकतो. ज्याच्याकडे पंप नाही, तो ३० किलोचा मोठा सिलिंडर आणि आपला लहान सिलिंडर नळीने जोडतो आणि दाबाच्या फरकावर विसंबतो. दोन्ही सिलिंडर एकाच तापमानाला आले की दाब सारखा होतो आणि प्रवाह मंदावतो. म्हणून जाणकार भरणारा लहान सिलिंडर आधी थंड करतो. ३१ अंशांवर तर कार्बन डायऑक्साइड द्रवरूपात राहूच शकत नाही. त्यामुळे एप्रिल-मे महिन्यांत भर दुपारी, पत्र्याच्या शेडमध्ये, पंपाशिवाय दोन किलोच्या सिलिंडरमध्ये दोन किलो वायू भरणे जवळजवळ अशक्य असते. उन्हाळ्यात सिलिंडर सकाळी लवकर द्यावा, किंवा आदल्या संध्याकाळी ठेवून सकाळी भरून घ्यावा. एवढ्याने मिळणाऱ्या वजनात स्पष्ट फरक पडतो.

अग्निशामक उपकरणांची देखभाल करणारे व्यावसायिक हा चौथा मार्ग, आणि त्याच्याकडे हौशी मंडळींचे दुर्लक्ष झालेले आहे. कार्यालये, गृहनिर्माण संस्था आणि विजेच्या खोल्या यांतील कार्बन डायऑक्साइडची अग्निशामके दोन किलो आणि साडेचार किलो या मापांत सर्रास आढळतात, म्हणजे लहान सिलिंडर भरणे हा या लोकांचा रोजचा व्यवहार आहे. अनेकांकडे पंप असतो, वजनकाटा असतो, आणि भरलेले वजन चिठ्ठीवर लिहिण्याची शिस्तही असते. मुंबईत नागदेवी स्ट्रीटच्या परिसरात सुरक्षा साहित्याच्या दुकानांत चौकशी केली तर असे भरणारे सहज सापडतात. मी वापरलेल्या सेवांपैकी वजनाच्या बाबतीत सर्वांत चोख सेवा मला अशाच एका व्यावसायिकाकडे मिळाली. त्याने सिलिंडर भरण्यापूर्वी आणि भरल्यानंतर, दोन्ही वेळा माझ्यासमोर काट्यावर ठेवला.

येथे एक तांत्रिक इशारा महत्त्वाचा आहे. अग्निशामकाच्या आत तळापर्यंत जाणारी नळी असते, कारण आग विझवताना द्रव झपाट्याने बाहेर यावा लागतो. एअरब्रशला वाफ हवी असते. जुने अग्निशामक स्वस्तात मिळाले म्हणून त्यालाच रेग्युलेटर लावला, तर द्रव थेट रेग्युलेटरमध्ये शिरतो, तो गोठतो आणि त्याचे आतले पडदे निकामी होतात. ही नळी काढून योग्य वॉल्व्ह बसवण्याचे काम घरी पाना घेऊन करण्याचे नाही. सिलिंडर पूर्ण रिकामा करून ते परवानाधारकाकडूनच करून घ्यावे. याच कारणासाठी साधा, नळी नसलेला सिलिंडरही वापरताना उभा ठेवावा, आडवा कधीही ठेवू नये.

माझी सर्वाधिक पसंती मात्र औद्योगिक वायूंच्या विक्रेत्यांना आहे. जेथे वेल्डिंगची कामे चालतात, तेथे हे विक्रेते असतातच : भोसरी, ठाण्यातील वागळे इस्टेट, नाशिकजवळ सातपूर, नागपूरजवळ बुटीबोरी, कोल्हापूरजवळ गोकुळ शिरगाव, गोव्यात वेर्णा. यांच्याकडे कार्बन डायऑक्साइड मोठ्या प्रमाणात येतो, त्यामुळे वायूची मूळ किंमत सर्वांत कमी पडते. वेल्डिंगसाठी कोरडा वायू लागत असल्यामुळे रंगकामालाही तो उत्तम चालतो. अडचण अशी की तीस किलोंचे सिलिंडर ट्रकने उचलणाऱ्या माणसाला आपला दोन किलोंचा सिलिंडर म्हणजे कामातला व्यत्यय वाटतो. काही जण सरळ नकार देतात, काही जण किमान शुल्क सांगतात, आणि ते किमान शुल्क दोन किलोंसाठीही तेवढेच आणि पाच किलोंसाठीही तेवढेच असते. यावर दोन उपाय मला लागू पडले. पहिला, साडेचार-पाच किलोंचा सिलिंडर घेणे, कारण भरण्याची मेहनत जवळपास तेवढीच असल्याने दर किलोमागचा खर्च झपाट्याने उतरतो. दुसरा, ओळखीच्या तीन-चार हौशी मंडळींनी आपापले सिलिंडर एकाच दिवशी नेणे. चार सिलिंडर एकत्र आले की विक्रेता त्यांना गिऱ्हाईक मानतो, आणि शांतपणे विनंती केली तर समोर वजनही करून देतो. भोसरीतील ज्या विक्रेत्याकडे मी आता नियमाने जातो, तेथे सकाळी दिलेला सिलिंडर त्याच दिवशी मिळतो, पावतीवर निव्वळ वजन लिहिलेले असते आणि चाचणीची मुदत संपलेला सिलिंडर ते कोणाच्याही आग्रहाने भरत नाहीत. या शेवटच्या नकारामुळे माझा त्यांच्यावरचा विश्वास वाढला.

हा नकार कोठून येतो, हे पाहणे आवश्यक आहे. वायू सिलिंडरांचे नियमन १८८४च्या स्फोटके कायद्याखाली केलेल्या २०१६च्या गॅस सिलिंडर नियमांनुसार होते, आणि त्याची अंमलबजावणी करणाऱ्या पेसो या केंद्रीय संस्थेचे मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे. ५०० मिलिलिटरांहून अधिक आणि १००० लिटरपर्यंत धारणक्षमतेचे पात्र या नियमांच्या व्याख्येत बसते. दोन किलोंच्या सिलिंडरची धारणक्षमता सुमारे तीन लिटर असते, म्हणजे तो लहान दिसला तरी त्याला सगळे नियम लागू होतात. त्याचा नमुना मान्यताप्राप्त असावा लागतो, त्याची ठरावीक मुदतीने, सर्वसाधारणपणे दर पाच वर्षांनी, मान्यताप्राप्त केंद्रात पाण्याच्या दाबाखाली चाचणी व्हावी लागते, आणि चाचणीची तारीख त्याच्या खांद्यावर कोरावी लागते.

म्हणून परवडणाऱ्या भरावाचा विचार सिलिंडर विकत घेतानाच सुरू होतो. ऑनलाइन मिळणारे आकर्षक, हलके, परदेशी ॲल्युमिनियमचे सिलिंडर पाहून मोह होतो, पण त्यांवर भारतीय मान्यतेची खूण नसेल तर कोणताही जबाबदार भरणारा त्यांना हात लावत नाही आणि मग ते सिलिंडर केवळ शोभेला उरतात. त्यापेक्षा आयएस ७२८५ या मानकाचा, भारतीय बनावटीचा, जोडरहित पोलादी सिलिंडर घ्यावा. मुंबईच्या एव्हरेस्ट कांटोसारखे उत्पादक असे सिलिंडर बनवतात आणि ते बाजारात सर्वत्र ओळखले जातात. जुना सिलिंडर घेताना शेवटच्या चाचणीचे वर्ष पाहून मगच किंमत ठरवावी, कारण मुदत संपलेली असेल तर चाचणीचा खर्च लगेच आपल्या माथी येतो. वजनाला जड, दिसायला ओबडधोबड, पण कोठेही भरून मिळणारा सिलिंडर हीच या छंदातली खरी बचत आहे.

काही पर्याय स्वस्त दिसतात आणि तरीही मी ते स्वीकारण्याच्या विरोधात आहे. गावातील सोडा विकणाऱ्याकडे मोठा सिलिंडर असतो आणि ओळखीने तो आपला सिलिंडर भरूनही देतो. परंतु एका सिलिंडरमधून दुसऱ्यात वायू भरण्यासाठी परवाना लागतो आणि त्याच्याकडे तो, तसेच वजनाची काटेकोर व्यवस्था, बहुधा नसते. दुसरा प्रकार म्हणजे घरी कोरड्या बर्फाचे, म्हणजे गोठवलेल्या कार्बन डायऑक्साइडचे, तुकडे सिलिंडरमध्ये टाकून तो बंद करणे. दोन्हींत धोका एकच आहे : जास्त भरला जाणे. एका लिटर धारणक्षमतेमागे सुमारे ६६७ ग्रॅम हे आपल्याकडचे प्रमाण उगाच ठरलेले नाही. या प्रमाणात भरलेल्या सिलिंडरमध्ये ५० अंशांना दाब साधारण १४० बारपर्यंत जातो, आणि तो सोसण्याची त्याची क्षमता असते. त्याच सिलिंडरमध्ये द्रव काठोकाठ भरला, तर प्रसरणाला जागा न उरल्याने थोड्या तापमानवाढीनेही दाब भयानक वेगाने चढतो. वॉल्व्हवरची सुरक्षा चकती फुटून वायू बाहेर पडणे, ही त्यातली सुदैवाची शक्यता. ‘थोडा जास्तच भरा’ अशी विनंती कोणी कधीही करू नये.

बंद खोलीत वायू साठण्याचा प्रश्नही तेवढाच गंभीर आहे आणि भरून देणारे त्याविषयी सहसा बोलत नाहीत. कार्बन डायऑक्साइड हवेच्या दीडपट जड असून तो जमिनीलगत साचतो. तीन मीटर लांबी, रुंदी आणि उंचीच्या खोलीत दोन किलो वायू पूर्ण सुटला, तर हवेतील त्याचे प्रमाण सुमारे चार टक्क्यांवर जाते, आणि अमेरिकेतील एनआयओएसएच ही संस्था नेमक्या याच प्रमाणाला जीवितास तत्काळ धोकादायक मानते. खिडकी उघडी ठेवावी, काम संपले की रेग्युलेटरवर न विसंबता सिलिंडरचा मुख्य वॉल्व्ह बंद करावा, आणि प्रत्येक भरावानंतर जोडणीवर साबणाचे पाणी लावून बुडबुडे येतात का ते पाहावे. तक्रारी ऐकताना मला अनेकदा असे आढळले आहे की ‘भरणाऱ्याने कमी वायू दिला’ असे वाटणाऱ्या सिलिंडरमधला वायू प्रत्यक्षात झिजलेल्या वॉशरमधून रात्रभर निघून गेलेला असतो. नवा वॉशर काही रुपयांत मिळतो आणि दर दोन-तीन भरावांनंतर तो बदलणे हिताचे असते.

ने-आण स्वतःच्या वाहनाने करावी. रेल्वेत गॅस सिलिंडर सोबत नेण्यास मनाई आहे आणि कुरिअर सेवा भरलेला सिलिंडर स्वीकारत नाहीत, त्यामुळे दूरच्या शहरातील स्वस्त दराचा मोह धरण्यात अर्थ नाही. दुचाकीवर नेताना सिलिंडर आडवा पडणार नाही असा बांधावा, वॉल्व्हवर टोपी बसवावी, आणि भराव घेतल्यावर वाटेत इतर कामे न काढता थेट घरी यावे, कारण उन्हात उभ्या केलेल्या बंद मोटारीतले तापमान ५० अंशांच्या पुढे सहज जाते. ज्यांच्या जवळपास औद्योगिक वसाहत नाही, त्यांनी तालुक्याच्या गावी अग्निशामके भरणाऱ्याकडे प्रथम चौकशी करावी, तेथे जमले नाही तर मत्स्यालयाच्या दुकानामार्फत सिलिंडर पाठवावा, आणि दोन्ही ठिकाणी दर विचारण्याआधी वजनकाटा आहे का, हे विचारावे.